मदत हवी: भर दुपारी सोलर बंद पडतंय

पाथर्डीफाटा: गच्चीवरचं सोलर दुपारी १२ ते ३ मध्ये चार-चार वेळा बंद पडतं, मग आपोआप सुरू होतं. बसवणारा फोन उचलत नाही. उपाय सांगा, लवकर.

सिडकोवाला: किती किलोवॅट? ऑन-ग्रिड (थेट लाइनला जोडलेलं) की बॅटरीवालं? इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा) एरर काय दिसतो?

एकलहरेकर: पॅनल धुवा आधी. औष्णिक केंद्राची राख वाऱ्याने लांबवर जाते. सकाळी काच गार असतानाच धुवा, तापल्यावर पाणी मारलं तर तडकू शकते. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात.

सिडकोवाला: धुळीने दिवसभर युनिट कमी पडतात, इन्व्हर्टर सुटत (आपोआप बंद पडत) नाही. एरर कळू द्या.

पाथर्डीफाटा: ३ किलोवॅट, ऑन-ग्रिड. 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' (लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर) येतं. पॅनल स्वच्छ आहेत.

ओझरकर: ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, घेतलं का?

तारमार्ग: अनुदान राहू द्या. वीज लाइनमध्ये ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा चढं व्होल्टेज ठेवावं लागतं. २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टला तो सुटतो. दुपारी करंट सर्वात जास्त, म्हणून तेव्हाच. पूर्ण उन्हात मीटरपाशी आणि इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजून घ्या. वायर कोणती, किती लांब, तेही सांगा. मल्टिमीटरची सवय नसेल तर वायरमन बोलवा.

द्राक्षबाग: त्यापेक्षा गोबरगॅस बरा. २ घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो शेण पुरतं. शिवाय पॅनल बनवायलाही कोळसाच जळतो, मग पर्यावरणाचं काय भलं झालं?

तारमार्ग: गोबरगॅस चांगलाच, पण गोठा असेल तर. पॅनलला लागलेली ऊर्जा एक ते तीन वर्षांत वसूल होते आणि पॅनल २५ वर्षं चालतं. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख. यांचा इन्व्हर्टर सुटला की ती युनिटं बहुतेक कोळशातूनच येतात. म्हणून हे दुरुस्त व्हायलाच हवं.

एकलहरेकर: राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, तेही लिहा.

तारमार्ग: जाते. पण धुराड्यातून गेलेला कार्बन डायऑक्साइड विटेत येत नाही.

पाथर्डीफाटा: मीटरपाशी २४३, इन्व्हर्टरला २५४. वायर २.५ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम, ३५ मीटर. सेटिंगमध्ये मर्यादा २६५ केली तर?

तारमार्ग: अजिबात नको, घरातली उपकरणं जळू शकतात. दोष वायरचा आहे. जाऊन-येऊन ७० मीटर, रोध सुमारे ०.८५ ओहम, १३ अँपिअरला ११ व्होल्ट चढतात. तुमचं रीडिंग बरोबर तेच सांगतंय. ६ स्क्वेअर एमएमचं तांबं टाका, चढ ३ व्होल्टवर येईल. आधी एसी ब्रेकर, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडचा स्विच) बंद करायचा. नंतरही डीसी वायरी उन्हात जिवंतच असतात, हात लावू नका. न्यूट्रलचं टर्मिनल काळवंडलंय का पाहा. मीटरच्या सीलला हात नको.

सिडकोवाला: आणि २४३ सुद्धा चढंच आहे. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) एक पायरी उतरवायला सांगा. सोबत दुपारच्या रीडिंगचे फोटो जोडा.