मदत हवी आहे: झेब्र्याची जोडी कुठे मिळेल? (तातडीचं)

बोरूबहाद्दर: झेब्र्याची एक जोडी हवी आहे, नर-मादी. कुठे मिळते आणि अंदाजे किंमत किती ते सांगा. सोमवारी फाईल वर पाठवायची आहे. गूगल करा म्हणू नका, दोन दिवस तेच करतोय.

खारूताई: सर्कस काढताय की फार्महाऊस? कोण, कुठले, कशाला हवाय, काहीच लिहिलं नाहीत.

बोरूबहाद्दर: अहो फार्महाऊस कसलं! पालिकेचं प्राणीसंग्रहालय. पिंजरा बांधून झाला, पाटीही लागली. सध्या 'झेब्रा' पाटीखाली दोन भटकी कुत्री झोपतात आणि लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. मी बांधकाम विभागातला, पण हे माझ्या गळ्यात पडलंय.

जुना_पशुवैद्य: कोटेशन विसरा, या काय खुर्च्या आहेत? १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३८-आय वाचा. देशात देवाणघेवाण मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालयांतच, तीही केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीने. तुमची मान्यता चालू आहे ना? आणि तुमच्याकडे जास्तीचं काय आहे?

बोरूबहाद्दर: जास्तीचं म्हणजे? बजेट मंजूर आहे की.

जुना_पशुवैद्य: बजेट नव्हे हो, जनावरं! राणीच्या बागेत शक्ती-करिश्मा ही वाघांची जोडी २०२० मध्ये औरंगाबादहून आली, ती चितळ आणि चित्रबलाक पक्षी देऊन.

कोकणी_मुंबईकर: सिंहांचंही सांगा की. जुनागढच्या सक्करबाग प्राणीसंग्रहालयाने राणीच्या बागेकडे सिंहांच्या बदल्यात झेब्रेच मागितले. ते परदेशातून आणायचे ठरले आणि तिथेच घोडं अडलं.

जुना_पशुवैद्य: अगदी शब्दशः! झेब्रा घोड्याच्याच कुळातला. आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा घोड्यांचा जीवघेणा रोग चिलटांमुळे पसरतो. झेब्रा ठणठणीत दिसतो, अंगात विषाणू बाळगतो. २०२० मध्ये थायलंडला शेकड्यांनी घोडे दगावले. मग कोण आत येऊ देईल?

अडाणी_आनंद: गाढवाला पट्टे मारा. चेष्टा नाही, गाझात २००९ मध्ये केलं होतं, केसांचा रंग लावून. पोरं खूश होती म्हणे.

सुमेधा_प: मुळात एकटं जनावर आणूच नका. दिल्लीचा शंकर हत्ती १९९८ मध्ये झिम्बाब्वेहून भेट आला. जोडीदारीण गेली, मग कित्येक वर्षं एकटाच. २०२५ मध्ये गेला बिचारा. बंद करा ही प्राणीसंग्रहालयं.

खारूताई: ताई, त्यांनी जोडीच मागितली आहे. धागा तरी वाचा.

सुमेधा_प: वाचलाय. शंकरचीसुद्धा जोडीच आली होती.

नवी_आई: राणीची बाग रविवारी उघडी असते का? लेकीला पेंग्विन दाखवायचेत.

कोकणी_मुंबईकर: असते. बुधवारी बंद. सकाळी लवकर जा, नंतर पेंग्विनपेक्षा माणसंच जास्त दिसतात.

बोरूबहाद्दर: जरा माझ्याकडे बघाल का? आत्ता चितळं मोजून आलो, एकेचाळीस भरली. एका जोडीला किती द्यावी लागतील? म्हैसूरला पत्र टाकू?

जुना_पशुवैद्य: म्हैसूरला झेब्र्यांची पैदास होते, जरूर विचारा. पण चितळांचं त्यांना काय अप्रूप? ती सगळ्यांकडेच उतू जातात. तरस, लांडगे असं काही आहे का?

बोरूबहाद्दर: तरस आहे एक. नर की मादी ते रखवालदाराला विचारून सांगतो.