मदत हवी आहे: भाचीच्या कानाच्या मशीनची शिट्टी

भाऊ, माह्या भाचीची कानामागची मशीन सारखी शिट्टी मारते. पोरगी वाढली, कान वाढला, पण मोल्ड (कानात बसवायचा साचा) जुनाच हाय, तो ढिला पडला की आतला आवाज फटीतून बाहेर येऊन परत माइकमध्ये जाते अन् मशीन बोंबलते, मास्तरांचं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला तर अजूनच. आता ती मशीन दप्तरातच ठेवते, लय जीव तुटतो, बोलणं आत्ता कुठं सुधरत होतं. यवतमाळ नाहीतर अमरावतीकडं कानाचं माप घेऊन मऊ सिलिकॉनचा मोल्ड कोण बनवून देते? अन् पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब जमतात, रात्री सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात ठेवली तर चालते का? ६७५ नंबरचा सेल तेव्हा काढूनच ठेवायचा ना?