क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची आमच्याकडची यादी वेगळी का?

शहापूरकर (बेळगाव)

नमस्कार. माझे थोरले बंधू १९८२ च्या सुमारास कॉलेजात असताना त्यांनी येथील कॅम्पातल्या एका दुकानातून क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली होती. वेष्टनावर दुकानदाराने बॉलपेनने लिहिलेली चौदा गाण्यांची यादी अजून वाचता येते. येत्या दिवाळीनंतर बंधूंची एकसष्टी आहे. त्यांनी अलीकडे रेकॉर्ड प्लेअर घेतला असल्यामुळे हाच अल्बम तबकडीच्या रूपात भेट द्यावा, असे मी ठरवले. परंतु विक्रीला असलेल्या तबकडीवर सतरा गाणी दिसतात आणि त्यांचा क्रमही निराळा आहे. कॅसेटची सुरुवात ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ने होते, तबकडीची मात्र ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने. शिवाय कॅसेटवरची ‘अंडर प्रेशर’ आणि ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ ही दोन गाणी तबकडीवर नाहीतच. दुकानदाराने आपल्या मनाने गाणी निवडून भरली असावीत काय? आणि भेट म्हणून नेमके काय घ्यावे?

कॅम्प रहिवासी

दुकानदारावरचा संशय मागे घ्यावा, कारण त्याने त्याच्या हाती आलेला अल्बम जसाच्या तसा भरून दिला आहे. तुमच्या कॅसेटवर आहे ती अमेरिकन आवृत्ती, आणि तबकडीवर दिसते ती ब्रिटिश. हे संकलन १९८१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निरनिराळ्या देशांत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या त्या देशात कोणते सिंगल (अल्बमपासून सुटे विकलेले गाणे) चालले होते ते पाहून यादी ठरवण्यात आली. ब्रिटनमध्ये ईएमआयने सतरा गाणी घेतली, तर अमेरिकेत इलेक्ट्रा कंपनीने चौदा.

पहिल्या गाण्यावरूनच आवृत्ती ओळखता येते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५-७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिंगलच्या खपाच्या क्रमवारीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. अमेरिकेत मात्र ते तेव्हा नवव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. उलट ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्याने त्याने आपल्याकडचा खपाचा माल दुकानाच्या दर्शनी भागात मांडला, एवढाच याचा अर्थ आहे.

‘अंडर प्रेशर’ची हकीकत आणखी सोपी आहे. डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाबरोबर गायलेले हे गाणे ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून १९८१ च्या ऑक्टोबरअखेरीस बाजारात आले आणि ब्रिटिश ‘ग्रेटेस्ट हिट्स’ही त्याच सुमारास आला, त्यामुळे तिथल्या संकलनात ते नाही. ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ हे क्वीनचे १९७३ मधील पहिले सिंगल, आणि ते ब्रिटनमधील खपाच्या क्रमवारीत कुठेच चढले नव्हते. तेव्हा ज्या संकलनाचे नावच ‘सर्वांत गाजलेली गाणी’ असे आहे, त्यात ते घालायचे तरी कशाच्या आधारावर?

हिशेब असा: चौदांपैकी बारा गाणी दोन्हीकडे समान आहेत. ब्रिटिश तबकडीवर ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’, ‘सेव्ह मी’, ‘नाऊ आय अ‍ॅम हिअर’, ‘गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय’ आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ ही पाच जास्तीची मिळतील. ‘अंडर प्रेशर’ पुढे १९८२ च्या ‘हॉट स्पेस’मध्ये आणि १९९१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स २’मध्ये आले, दुसरे गाणे हवे असल्यास ‘क्वीन’ याच नावाच्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच त्याने होते.

एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेत १९९२ मध्ये दुसऱ्या कंपनीने याच नावाचे एक तिसरेच संकलन काढले, आणि त्यात चक्क ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नाही, कारण ते त्याच वर्षी आधी आलेल्या ‘क्लासिक क्वीन’मध्ये घालून झाले होते. म्हणून जुना माल घेताना नावावर विसंबू नये, मागची यादी वाचावी.

निपाणीचा श्रोता

माहिती उत्तम आहे, परंतु मला भेटीविषयीच वेगळे सांगायचे आहे. ज्याने नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे, त्याला संकलन देऊ नये. मूळ अल्बम द्यावा, आणि तोही १९७५ चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गाणे त्या अल्बममध्ये शेवटून दुसरे आहे, आणि त्यानंतर केवळ ब्रिटिश राष्ट्रगीताची धून गिटारवर वाजून कार्यक्रम आटोपतो. आधीची दहा गाणी मधूनच विनोदी, मधूनच संतापाची, मधूनच अगदी जुन्या नाट्यगृहातल्या करमणुकीच्या थाटाची आहेत. ती सगळी ऐकत ऐकत माणूस तिथवर येतो, तेव्हा त्या गाण्यातली संथ सुरुवात, मधला ऑपेरा आणि नंतर उसळणारा रॉक यांचा अर्थ लागतो. संकलनकारांनी नेमके तेच उचलून पहिले ठेवले. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या तालुक्यात आहे, तिथल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको की भैरवीने मैफल सुरू केली तर पुढे गायचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘सेव्हन सीज ऑफ राय’चेही तसेच. पहिल्या अल्बमच्या अखेरीस त्याची केवळ वाद्यांवरची छोटी झलक आहे आणि दुसऱ्या अल्बमच्या अखेरीस ते पूर्ण गाणे. हा दुवा संकलनात कसा कळणार?

खानापूर रोड

निपाणीच्या सरांचे म्हणणे ऐकायला चांगले वाटते, पण ते ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार करत नाही. ब्रिटिश संकलनातली सतरा गाणी आठ वेगवेगळ्या अल्बममधून घेतलेली आहेत; त्यांतली चार तर एकट्या १९८० च्या ‘द गेम’मधली. त्या काळी आमच्या भागातल्या कॉलेजच्या मुलाने आठ अल्बम कुठून आणायचे होते? त्याला एक कोरी कॅसेट आणि भरणावळ परवडत होती, आणि त्यात त्याला सबंध बँड मिळत होता. ब्रिटनमध्येही काही वेगळे घडले नाही. तिथे हा सर्वाधिक खपलेला अल्बम आहे आणि २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. ही सगळी माणसे आळशी होती असे मला वाटत नाही.

तरीही संकलनाची एक उणीव मला मान्य आहे, आणि ती क्रमाची नसून माणसांची आहे. सतरा गाण्यांपैकी दहा गायक फ्रेडी मर्क्युरीने रचलेली, पाच गिटारवादक ब्रायन मेची आणि दोन बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनची. ढोलवादक रॉजर टेलरचे एकही नाही. केवळ हे संकलन ऐकणाऱ्याचा असा समज होईल की टेलरला गाणी रचता येत नव्हती; वस्तुतः १९८४ चे ‘रेडिओ गा गा’ त्याचेच, पण त्यासाठी ‘ग्रेटेस्ट हिट्स २’पर्यंत थांबावे लागते.

थोडे विषयांतर करतो. फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड त्याच शाळेतला. बेळगावहून पुण्याला जाताना साताऱ्याच्या पुढे वाईचा फाटा आला की मी दर वेळी बरोबरच्यांना हे सांगतो, आणि दर वेळी कोणीतरी थाप समजून हसते.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. संशय फिटला, दुकानदाराची मनोमन क्षमाही मागितली.

काल बंधूंकडे गेलो असताना, भेटीचा सुगावा लागू न देता, सहज विचारले की तुमच्या त्या कॅसेटवर ‘अंडर प्रेशर’ संपल्यावर काय लागते. माझी अपेक्षा अशी होती की ते दुसऱ्या बाजूचे ‘वी विल रॉक यू’ सांगतील. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता एका नाट्यपदाची ओळ गुणगुणली. घरी येऊन कॅसेट लावली, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकन आवृत्तीची पहिली बाजू जेमतेम पंचवीस-सव्वीस मिनिटांची असल्यामुळे फितीवर चारेक मिनिटे उरतात, आणि तेवढ्यात त्यांनी सांगली आकाशवाणीवरून लागलेले ते पद भरून ठेवले आहे. दुसऱ्या अंतऱ्यात फीत संपते आणि पद तिथेच तुटते.

तेव्हा सतरा गाण्यांची ब्रिटिश तबकडी घेत आहे; ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ पुढच्या वाढदिवसाला. त्याशिवाय ही कॅसेट आहे तशी, तुटलेल्या पदासकट, संगणकावर उतरवून द्यावी म्हणतो. फीत एकदोन ठिकाणी चुरगळली आहे आणि आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग किंचित जास्त असल्यामुळे सगळे स्वर चढे लागतात. बेळगाव किंवा कोल्हापुरात हे काम नीट करणारे कोणी ठाऊक असल्यास कळवावे.

कॅम्प रहिवासी

वेगाची चिंता नको. उतरवून घेतल्यावर संगणकावर तो कमी करता येतो आणि मूळ गाण्याशी ताडून बरोबर बसवताही येतो. चुरगळलेली फीत मात्र आधी हाताने सावकाश शेवटपर्यंत गुंडाळून पाहा, आणि यंत्रात घालण्यापूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. माझ्याकडे योग्य वेगाने चालणारा डेक आहे. रविवारी सकाळी कॅसेट घेऊन आलात तर दोन्ही बाजू तासाभरात उतरतील.