जुन्या जॅझचा बँड चालवतोय, तालमीबद्दल सल्ला हवा

वसईचा_कर्णा

नमस्कार मंडळी,

वसईत आमचा आठ जणांचा बँड आहे. ट्रंपेट (मी), क्लॅरिनेट, आल्टो सॅक्स, ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, डबल बेस, ड्रम्स. १९३० ते ४५ च्या काळातलं, नाचायचं जॅझ वाजवायचं, एवढंच ठरवलंय. वर्ष झालं, दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की तालीम असते.

गेल्या महिन्यात एका जिमखान्यात पहिला मोठा कार्यक्रम झाला. पहिल्या गाण्याला बारा-तेरा जोड्या उठल्या, चौथ्या गाण्यापर्यंत दोनच उरल्या. एक वयस्कर बाई स्टेजजवळ येऊन म्हणाल्या, "बाळा, वाजवता छान, पण पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

लय धावते आणि आवाज चढत जातो, ही पहिली अडचण. दुसरी जरा नाजूक आहे. ट्रॉम्बोनवाले अंकल चाळीस वर्षं लग्नाच्या ब्रास बँडमध्ये होते. नोटेशन वाचत नाहीत, पण कान पक्का. पोरं वाचतात, पण त्यांची नजर कागदावरून हलत नाही. अंकलना वगळायचं नाही, हे नक्की. कुणी असा बँड सांभाळलाय का?

चार_ठोके (पुणे)

ड्रमर म्हणून सांगतो. त्या बाईंनी तुमचं दुखणं अचूक पकडलंय.

जोडीने नाचायच्या नाचांचे आकडे बघा. स्लो फॉक्सट्रॉट मिनिटाला साधारण ३० बार (चार ठोक्यांचा एक बार), म्हणजे १२० ठोके. क्विकस्टेप ५० बार, म्हणजे २००. मधल्या १५०-१६० वर गेलात की फॉक्सट्रॉटवाल्यांची दमछाक होते आणि क्विकस्टेपवाले अडखळतात. तुमची गाणी बहुतेक तिथेच जाऊन बसत असणार. काउंट, म्हणजे सुरुवातीची मोजणी, देण्याआधी गाण्याची सगळ्यात भरगच्च ओळ मनातल्या मनात म्हणा. ती ज्या गतीत सुखाने म्हणता येईल, तीच गती. घाईने "वन टू थ्री फोर" म्हणू नका. आधी दोन संथ ठोके, मग चार. लीडरचं निम्मं काम त्या सहा ठोक्यांत होतं.

आवाजाचं म्हणाल तर ड्रम्सचे माइक काढून टाका. बास ड्रम चारही ठोक्यांना वाजू दे, पण इतका हलका की वेगळा ऐकू येऊ नये, फक्त डबल बेसला खालून आधार मिळावा. काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. गिटारला अँप्लिफायर (अँप) नको. अमेरिकन जॅझवाले काउंट बेसी, त्यांच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळपास अखेरपर्यंत बिनअँपची गिटार घेऊन बारला चार ठोके देत बसले. तालमीत एक नियम करा: गिटार ऐकू येत नसेल तर आपण जोरात वाजवतोय.

मडगावकर

अंकलबद्दल वाचून राहवलं नाही. माझे आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, आधी सोल्फा (डो-रे-मी) म्हणायला लावत, बऱ्याच उशिरा हातात व्हायोलिन देत. त्याच शाळांतून मुंबईला वाजवणारे आले. १९३५ साली लिऑन ॲबींचा अमेरिकन बँड ताजमध्ये आला, पुढे मिकी कोरिया यांनी १९३९ पासून तिथला बँड वीसेक वर्षं सांभाळला. गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट तर ट्रंपेटमुळे भारताचे लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचे नामांकित ट्रंपेटवादक) म्हणून ओळखले गेले. दारूबंदीने क्लबांची कमाई आटली, तशी यातली बरीच मंडळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतली ब्रास ऐका, त्यात चिक यांचा हात आहे.

हे सांगायचं कारण, आजोबा वाचायचेही आणि आधी गायचेही. तुमच्या पोरांना नवं गाणं आठवडाभर कागदाशिवाय फक्त गायला लावा. आणि त्यांना अंकलनीच शिकवू दे.

वसईचा_कर्णा

मडगावकर, मनापासून आभार. हे सुचलंच नव्हतं. चार_ठोके, ब्रश मुंबईत कुठे मिळतील? आणि चारही फुंकवाद्यांना एकच कागद चालतो का? आम्ही इंटरनेटवरून उतरवतो आणि निम्मा वेळ सूर जुळवण्यात जातो.

कागद_उतरवणारी

नाही हो, तिथेच घोटाळा आहे! ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, त्यांचा लिहिलेला सी ऐकू येतो बी फ्लॅट. आल्टो ई फ्लॅटचा. ट्रॉम्बोन जसा लिहिला तसाच, पण बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या खुणेत. प्रत्येकाला वेगळा भाग उतरवून द्या. हाताने लिहिलात तर गाणंही तुमच्या अंगात मुरेल.

ट्रॉम्बोनला मात्र सगळं लिहू नका. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझ पद्धतीत ट्रंपेट चाल सांगतो, क्लॅरिनेट वर नक्षी काढतो आणि ट्रॉम्बोन खालून घसरत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलल्याचं सांगतो. ते कानाचं काम आहे. अंकलना फक्त कॉर्ड सांगा. आणि एक रबरी पंप आणा, मोरी तुंबली की वापरतात तो, नवा कोरा. दांडा काढून ट्रॉम्बोनच्या पुढच्या कर्ण्याशी उघडझाप केली की माणूस बोलल्यासारखा आवाज येतो. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जॅझ रचनाकाराच्या बँडमधल्या त्या गुरगुरत्या आवाजात या रबराचाही हात होता.

चार_ठोके (पुणे)

ब्रश धोबीतलावला फुर्ताडोजमध्ये विचारा. तारा आत ओढता येतात तसलेच घ्या.

तिकीट लावून वाजवणार असाल तर परवान्याचंही बघा. आपल्याकडे रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतात. जेली रोल मॉर्टन १९४१ मध्ये गेले, त्यांच्या रचना मोकळ्या आहेत. एलिंग्टन १९७४ मध्ये गेले, त्यामुळे तिथे अजून थांबावं लागेल.

वसईचा_कर्णा

तीन रविवार झाले, म्हणून कळवतो. पोरांनी पहिले दोन रविवार नुसतं गायलं. कागद मी पेटीत बंद करून ठेवले होते. क्लॅरिनेटवाली अठरा वर्षांची आहे, तिने काल पहिल्यांदा अंकलकडे बघत वाजवलं. अंकलनी रबरी पंप हातात घेऊन आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोनदा उघडझाप केली, आणि तिला हसू आवरेना. तेच गाणं १२० वर तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा मला गिटार ऐकू आली.

जिमखान्यातल्या त्या बाईंना पुढच्या रविवारच्या तालमीला बोलावलंय. यजमानांना घेऊन येते म्हणाल्या. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवणार आहोत.