तळमजल्यावरच्या तबकड्या आणि २६ जुलै

कुर्लेकर (धागाकर्ता):
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्या रात्री कुर्ल्यात आमच्या मामांच्या तळमजल्यावरच्या घरात छातीपर्यंत पाणी होते. माणसे पोटमाळ्यावर चढली म्हणून वाचली. चोर बाजारातून आणि मोडीत निघालेल्या वाड्यांतून चाळीस वर्षे जमवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या मात्र खालच्या फळ्यांवरच राहिल्या. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की सगळे पावसाला आणि मिठी नदीला बोल लावतात, आणि मला ते पटत नाही. नाट्यसंगीताच्या काही तबकड्यांची दुसरी प्रत आपल्या माहितीत कोणाकडेच नाही, असे मामा अभिमानाने सांगत. पण त्या कॅसेटवर उतरवून द्या म्हटले की ‘आवाज गावभर झाला की तबकडीला कोण विचारतो’ हे त्यांचे उत्तर ठरलेले असे. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. म्हणजे तिकडच्या एखाद्या स्नेह्याच्या कपाटात चार कॅसेटी असत्या, तर ती गाणी आज ऐकता आली असती. एकमेव प्रत जवळ बाळगणाऱ्याने तिचा आवाज दुसरीकडे ठेवला नसेल, तर दोष त्याचाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरगावकर:
आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या व्हायनलच्या (प्लास्टिकच्या) तबकड्या, आल्यावर घरोघरच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या रद्दीवाल्याकडे गेल्या, तेव्हा त्या उचलून आणल्या त्या आपल्या मामांसारख्यांनीच. ज्याने चाळीस वर्षे वाचवले, त्यालाच एका रात्रीच्या पाण्यासाठी आरोपी करणे मला अन्यायाचे वाटते. ‘कॅसेटवर उतरवा’ हे म्हणायलाही सोपे आहे. ७८ ची खाच रुंद असते, तिच्यात एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा खरखरच अधिक पकडते. त्यासाठी वेगळी सुई आणि त्या गतीचा टर्नटेबल लागतो. पेन्शनीत घर चालवणाऱ्याने ते कोठून आणायचे? संस्थेकडे द्यावे म्हणाल, तर जानेवारी २००३ मध्ये पुण्यात चित्रपटांच्या चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या आणि १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारातल्या आगीत मूळ ध्वनिफिती गेल्या, हेही विसरू नका. (गायिका केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर अंतराळयानावर आहे, तेवढीच काय ती पुराच्या पलीकडे गेली. बाकीच्यांना इथेच राहायचे आहे.)

सुईवाला:
भिजले म्हणजे गेले, असे आपण दोघेही गृहीत धरून चालला आहात. व्हायनलच्या एलपीला पाण्याने फारसे काही होत नाही. बिघडते ते कव्हर आणि लेबल, आणि खाचेतला गाळ वाळण्याआधी ऊर्ध्वपातित पाण्याने हलक्या हाताने धुतला तर ती पुन्हा वाजते. ७८ ची तबकडी लाखेची असली तरी तिच्यात दगडाची पूड आणि कापसाचे तंतू मिसळलेले असतात. ते ओल शोषतात, पृष्ठभाग पांढुरका पडतो आणि खरखर वाढते, तरी गाणे बहुधा शिल्लक असते. खरी हानी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरच्या (रंगासारख्या) लेपात थेट कोरलेल्या तबकड्यांची होते, कारण तो लेप पत्र्यापासून सुटतो, आणि अशी तबकडी बहुधा एकच असते. लेबल विरघळले तरी त्याच्या कडेला कोरलेल्या क्रमांकावरून बऱ्याचदा गाणे ओळखता येते. सुरुवातीच्या गायिका गौहरजान यांच्या काळातले कलाकार तर मुद्रणाच्या शेवटी स्वतःचे नावच सांगत. तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे की मामांच्या तबकड्या पाण्याने नेल्या की पाणी ओसरल्यावर कोणी टाकून दिल्या?

कुर्लेकर:
आम्ही टाकल्या. गाळात मैला होता, पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टो तापाच्या बातम्या येत होत्या, मामांना ताप होता, आणि चौथ्या दिवशी महापालिकेचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला तेव्हा मी स्वतः गोण्या भरल्या. लेबल नसलेली काळी थाळी म्हणजे मेलेली थाळी, अशी माझी समजूत होती. क्रमांकाचे मला आज कळते आहे. तरीही माझा मूळ मुद्दा मी मागे घेत नाही. मामांनी कॅसेटी करून दिल्या असत्या, तर माझ्या अज्ञानाची एवढी किंमत पडली नसती.

दादरकर:
मामांच्या लपवालपवीत किमतीबरोबर भीतीही असावी. कंपनी दावा लावील म्हणून तबकडी दाखवायला कचरणारे संग्राहक मी पाहिले आहेत. वास्तविक आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९६० पूर्वीच्या तबकड्यांवरील मुद्रणावर आज कंपनीचा हक्क उरलेला नाही; गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असतो. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारखी मंडळी या क्षेत्रात आहेत, तेव्हा एकट्याने झुरण्याची गरज पूर्वीही नव्हती. या मुद्द्यावर मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे; मात्र ‘दोष’ हा शब्द मला जड वाटतो.

गिरगावकर:
शब्द जड नाही, तो चुकीच्या माणसावर ठेवला आहे. मामांनी कॅसेट दिली नाही हे खरे, पण गोण्या त्यांनी भरल्या नाहीत. कठोर बोललो असेन तर क्षमा करा, परंतु वीस वर्षे आपण तापात पडलेल्या माणसाला जबाबदार धरत आला आहात.

कुर्लेकर:
हे मला लागले आहे, आणि त्याला उत्तर देण्याची घाई मी करणार नाही. वरच्या फळीवरच्या दोन थाळ्या तेवढ्या राहिल्या आहेत. त्यांची लेबले दमट हवेने गळून पडली. सुईवाल्यांनी सांगितले म्हणून आत्ता विजेरी तिरकी धरून पाहिली, तर एकीवर पाच आकडे स्पष्ट दिसत आहेत. दुसरीवर पांढरी बुरशी आहे, ती स्पिरिटने पुसून काढतो.

सुईवाला:
कृपया स्पिरिट लावू नका. मद्यार्कात लाख विरघळते आणि उरलेली खाचही जाईल. कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटका, थाळ्या उभ्या ठेवा आणि ते पाच आकडे इथे लिहा.

गिरगावकर:
माझ्याकडे ७८ ची सुई आहे. रविवारी दोन्ही थाळ्या घेऊन या. भांडण तिथे पुढे चालू ठेवू.