मदत हवी आहे: लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, दारात पणत्या ठेवू का?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, पंचांगाने आमची चांगलीच पंचाईत केली आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. पण इथे न्यू जर्सीत अमावस्या शुक्रवारी सकाळीच संपते, म्हणून पूजा गुरुवारी संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला. आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात तो सण.

एडिसनजवळ मे महिन्यात घर घेतलं. शेजारीण म्हणते आमच्या गल्लीत शंभरेक पोरं येतात, साडेपाचपासून आठपर्यंत. सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणजे निम्मी अंधारात. दाराला सात पायऱ्या, एका बाजूचा कठडा हलतो, पोर्चचा दिवा मिणमिणता. समोर ओकचं झाड. या ऑक्टोबरात पावसाचा थेंब नाही, त्यामुळे पाचोळा पापडासारखा वाळला आहे आणि रोज झाडला तरी पायऱ्यांवर येतोच.

सांगलीहून आईबाबा आलेत. आईचा बेत असा: प्रत्येक पायरीवर दोन पणत्या, पायऱ्यांच्या तोंडाशी रांगोळी, आणि येईल त्या पोराच्या हातावर बेसनाचा लाडू. मी नको म्हटलं की तिला वाटतं इथे राहून मला आपल्या रीती नकोशा झाल्यात. तसं नाहीये हो. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या घरी हॅलोविनला भोपळ्याला तोंड कोरून मी आत खरी मेणबत्ती लावली होती. फुलपाखरू झालेली चारेक वर्षांची एक मुलगी भोपळ्याच्या तोंडात काय आहे ते बघायला वाकली आणि जाळीचा पंख आत गेला. तिच्या बाबाने झटक्यात मागे ओढलं. पंखाची कड आक्रसून काळी गोळी झाली, प्लास्टिक जळाल्याचा वास आला, एवढंच. तो माणूस मलाच 'इट्स ओके' म्हणत होता. मी त्या रात्री जेवले नाही.

तर प्रश्न असे: पणत्यांचं काय करू? लाडवांचं काय करू? आणि आमचा कुत्रा घंटी वाजली की दारावर झेप घेतो, त्याचं काय करू?

चिंचगूळ

पायऱ्यांवर खरी पणती अजिबात नको. झगे, केप, पंख सगळं नायलॉन-पॉलिस्टर. पाकिटावर 'फ्लेम रेझिस्टंट' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ पेटतच नाही असा नाही, एवढाच की पटकन भडकत नाही आणि ज्योतीपासून दूर केलं की लवकर विझतं. त्यात मुखवट्यामुळे मुलांना पायाखालचं दिसत नाही. यंदा हवा इतकी कोरडी आहे की राज्यात जंगलभागात जमिनीवर शेकोटी पेटवायलाही बंदी आहे, आणि तुम्ही पाचोळ्यात चौदा ज्योती लावणार?

बॅटरीवरच्या पणत्या बाहेर मांडा, भोपळ्यातही त्याच. खऱ्या पणत्या देवापुढे, घरात. रांगोळी पायवाटेवर नको. गुळगुळीत काँक्रीटवर ती पावडर बुटाखाली सरकते. एखाद्या फळीवर काढून कडेला ठेवा. आणि हलणारा कठडा गुरुवारच्या आधी घट्ट करून घ्या, पोरं त्यालाच लटकतात.

दुपारचा_चहा

लाडवाचं सांगते, कारण आमच्या घरी शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. घरी केलेलं खाणं इथले आईवडील मुलांना खाऊ देत नाहीत. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, पाकिटावर घटक लिहिलेले नसतात म्हणून. बेसनाच्या लाडवात तूप आणि काजू, म्हणजे इथल्या नियमांतल्या नऊ मुख्य ॲलर्जींपैकी दोन तिथेच आल्या. (तीळ २०२३ पासून त्या यादीत आहे, संक्रांतीला लक्षात ठेवा.) आईंनी मन लावून वळलेला लाडू कुणाच्या कचऱ्याच्या डब्यात जावा, त्यापेक्षा ओळखीच्या शेजाऱ्यांना सकाळीच डबा भरून द्या, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून.

दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवलात तर आमच्यासारख्यांना कळतं की इथे खाऊशिवायही काही मिळेल. ही पद्धत टेनेसीतल्या एका आईने २०१२ मध्ये सुरू केली आणि २०१४ पासून देशभर पसरली. पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या असं वेगळ्या भांड्यात ठेवा. तीन वर्षांखालच्यांना छोटे चेंडू, गोट्या, कडक गोळ्या नकोत, घशात अडकतात. चॉकलेटच्या मोठ्या पाकिटावरची यादी कापून भांड्यापाशी चिकटवा, कारण आतल्या छोट्या वड्यांवर ती बरेचदा नसते, आणि छोट्या-मोठ्या वडीतले घटक वेगळेही असू शकतात.

कोपऱ्यावरचा_काका

हॅलोविनच्या खाऊत अनोळखी लोक विष घालतात असं इथे बोललं जातं, त्याचीच एवढी भीती ना? जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ १९५८ पासूनच्या बातम्या तपासत आले आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली मुलगा गेला तो सायनाइडने, पण ते घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. खरा धोका रस्त्यावर. गुरुवारी साडेपाच ते आठ गाडी ड्राइव्हवेतून काढूच नका.

आणि एवढा व्याप कशाला? पोर्चचा दिवा बंद ठेवा. दिवा बंद म्हणजे या घरी येऊ नका, हे पोरांना बरोबर कळतं. निवांत पूजा करा.

अंगणवेल

काका, हे आईला वाचून दाखवलं. उत्तर जसंच्या तसं देते: "लक्ष्मी यायच्या वेळेला दारात अंधार? अवदसेला आमंत्रण देतेयस का?" त्यामुळे तो पर्याय बाद.

दुपारचा_चहा, चिठ्ठीची कल्पना तिला पटली. 'तूप' इंग्रजीत कसं लिहायचं ते विचारून गेली.

मांजरपाट

कुत्र्यासाठी: वरच्या खोलीत, दार लावून, पंखा किंवा रेडिओ चालू, पाच वाजायच्या आत फिरवून आणून. नुसतं बेबी गेट भागत नाही, आमचा त्यावरून उडी मारतो. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं च्युइंगगम त्याला विषारी, तेव्हा भांडं जमिनीवर नको. गळ्यात पट्टा नि नाव राहू द्या, दार शंभर वेळा उघडणार आहे.

खरं तर दार उघडायचंच कशाला? ड्राइव्हवेच्या टोकाला टेबल आणि घडीची खुर्ची टाकून बसा. पोरं पायऱ्या चढणारच नाहीत. आम्ही २०२० साली करोनामुळे सुरू केलं आणि नंतर बंद करावंसं वाटलं नाही. कुणी मूल 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ मागताना म्हणायचे शब्द) म्हणालं नाही तर अडवू नका, काही मुलं बोलत नाहीत. वायर टाकणार असाल तर बाहेर वापरायचीच घ्या, जीएफसीआय प्लगला (वीज गळली की लगेच बंद पडणाऱ्या) लावा, आणि पायवाट ओलांडू देऊ नका.

अंगणवेल

टेबलाने प्रश्नच मिटवला! बाबा टेबलावर बसायला तयार आहेत, फेटा बांधून. 'तुम्ही कोण झालात' असं विचारलं तर काय सांगायचं, याची तालीम चालू आहे. पायऱ्यांवर बॅटरीच्या चौदा पणत्या, खऱ्या सगळ्या आत देवापुढे. कठड्याला उद्या माणूस येतोय.

एकच राहिलं. आई विचारते, चेटकीण होऊन आलेल्या मुलीला हळदीकुंकू लावलं तर चालेल का.

दुपारचा_चहा

तिच्या आईला विचारून लावा. चेहऱ्यावर आधीच हिरवा रंग असणार, कुंकवाला जागा मिळते का बघा.