कोळंबीचं तळं: आधी तपासणी की आधी औषध?

शिरोळचा शेतकरी
उसाला पाणी पाजून पाजून आमची दीड एकर जमीन क्षारपड झाली. तिथंच तळं काढून व्हेनामी जातीची कोळंबी सोडली. गेल्या हंगामात कडेला चार-दोन मेलेली दिसली, तसं दुकानदार म्हणाला, चुना मारा. भर दुपारी मारला. पाण्याचा सामू (पीएच) आधीच ८.८ होता, तो आणखी चढला. सामू चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो, हे मला नंतर कळलं. पहाटे चेक ट्रे (खाद्य खाल्लं का ते बघायची जाळीची थाळी) वर ओढला तर खाद्य तसंच, आणि कोळंबी पांढुरकी पडून आडवी. तपासल्याशिवाय तळ्यात चिमूटभरही काही टाकू नये, हे माझं ठाम मत.

पंचगंगाकाठ
दादा, नुकसान वाईट झालं, पण दोष चुन्याचा नाही, वेळेचा. आपल्याकडं रसायनाशिवाय कोळंबी होत नाही. क्षारपडीचं पाणी खारट असलं तरी समुद्राच्या मानानं त्यात पोटॅशियम फार कमी. म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियमचं खत) आणि मॅग्नेशियम दिलं नाही, तर कात टाकताना कोळंबी मरते. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडण्याआधी ब्लीचिंग पावडरनं पाणी निर्जंतुक केलं नाही, तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन येणारे खेकडे तळ्यातच राहतात.

शिरोळचा शेतकरी
पोटॅश मीही देतो, पण मोजून. माझा राग बादलीभर विकल्या जाणाऱ्या मालावर आहे. अमोनिया शोषायला म्हणून झिओलाइट नावाचं खनिज देतात. खाऱ्या पाण्यात झिओलाइटमधली अमोनियाची जागा सोडियमच अडवतं. पैसे पाण्यात!

कुरुंदवाडची ताई
तुम्ही दोघंही वरचंच बघताय. तळाचा गाळ हातात घ्या. काळा आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर खाद्य जास्त होतंय. आमच्याकडं शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकलं. शेवाळ मेलं, कुजलं आणि ऑक्सिजन खाऊन बसलं. पहाटे तो तसाही सगळ्यात कमी असतो, ४ पीपीएमच्या (लिटरला ४ मिलिग्रॅम) खाली गेला की जीव टांगणीला. त्या रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू होता म्हणून निभावलं.

पंचगंगाकाठ
ताई, गाळाचं पटलं. दादांचं आधी तपासणीचं नाही. अमोनिया किटवर लगेच दिसतो, पोटॅशियमला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अहवाल येईस्तोवर बीज थांबत नाही. मी पोटॅश अंदाजानं देणारच.

शिरोळचा शेतकरी
मग नमुना आधी पाठवा आणि बीज पंधरा दिवस उशिरा सोडा.